हप्त्यावरचा मोबाइल बिघडला? हक्क गमावण्याची सोपी पद्धत

डिंडोलीतल्या नवख्या ग्राहकांसाठी, सात पायऱ्यांत

ग्राहकाने आपले हक्क मिळवावेत कसे, यावर सरकारी पत्रकं ढीगभर निघतात. ते गमवावेत कसे, हे मात्र ज्याने त्याने आपल्या अकलेने शिकायचं, असा आजवरचा रिवाज आहे. नवख्या माणसाची त्यात तारांबळ उडते. ऐन वेळी तोंडून ‘बिल द्या’ असा शब्द निसटतो आणि मुसळ केरात जातं. म्हणून ही मार्गदर्शिका. सुरतेतल्या नवागाम-डिंडोली, लिंबायत, उधना या पट्ट्यात राहणाऱ्या, लूमवर, मार्केटात किंवा जीआयडीसीत कामाला जाणाऱ्या आणि हप्त्यावर मोबाइल घेणाऱ्या आपल्या खान्देशी मंडळींसाठी ती मुद्दाम सोपी ठेवली आहे.

आधी अडचण समजून घ्या

काम वाटतं तितकं सोपं नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत काढली, तेव्हा ग्राहकासाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. त्या काळात हक्क गमावणं हा पोरखेळ होता. १९८६ मध्ये कायदा आला, पुढे त्याच्या जागी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आला आणि २० जुलै २०२० पासून तो लागूही झाला. तेव्हापासून या कामाला फार मेहनत पडते.

त्यातली ग्राहकाची व्याख्याच पाहा. पूर्ण पैसे मोजले तो ग्राहक. पुढे देतो म्हणून कबूल झाला, तोही ग्राहक. काही दिले, काही राहिले, तोही. हप्त्याहप्त्याने फेडणारा, तोही. म्हणजे बारा हप्त्यांतला एकच गेला असेल, तरी हक्क रोख मोजणाऱ्याइतकाच. ‘अजून पैसे तरी कुठे फिटलेत तुमचे?’ असं काउंटरवरून कोणी विचारलं, तर कायद्यात त्या प्रश्नाला काडीची किंमत नाही.

शिवाय, विकत घेणाऱ्याच्या संमतीने जो वस्तू वापरतो, तोसुद्धा ग्राहक. डिंडोलीत हे कलम भलतंच गैरसोयीचं. सिबिल मेहुण्याचं, आधार बायकोचं, डाउन पेमेंट आपलं आणि फोन बारावीतल्या पोराच्या हातात, अशी आपल्याकडे घराघरांतली व्यवस्था. हा गुंता पाहून कायदा हात टेकेल अशी आशा वाटते, पण तो पोरालाही ग्राहकच म्हणतो. घरी बसून साडीला लेस लावणारी आणि त्याच फोनवर नमुन्यांचे फोटो पाठवणारी बाई तरी ‘व्यावसायिक वापर’ म्हणून बाद व्हावी? तेही नाही. पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला कायद्याने त्यातून वगळलं आहे.

तेव्हा हक्क आपोआप गळून पडतील या भरवशावर राहू नका. पुढच्या पायऱ्या क्रमाने चढा.

पायरी १ : ओळखीचं दुकान गाठा

परक्या दुकानात माणूस सावध असतो, दोन प्रश्न जास्त विचारतो. म्हणून दुकानदार आपल्या तालुक्यातला बघा. शिंदखेडा, अमळनेर, नंदुरबार, काहीही चालेल. त्याची आत्या आपल्या गावात दिलेली असली तर उत्तमच. मग बिलाचा विषय निघाला की तो हसून म्हणेल, ‘‘बिलनं काय करशी भो? मी शे ना आठे!’’ इथे आपणही हसायचं. या हसण्यात अर्धे हक्क जातात. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्या म्हाताऱ्या उगाच म्हणत नसत.

फारच ताणून धरलं, तर ‘बिल पाहिजे असेल तर वर अठरा टक्के जीएसटी लागेल’ असं उत्तर येईल. मोबाइलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे, हे खरं. पण खोक्यावर छापलेली कमाल किंमत ही सगळे कर धरूनच असते, हे त्याला सांगू नका. बिल न देणं ही कायद्याने ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरते, हे तर मुळीच नको. त्याच्या आत्याला काय वाटेल?

बिल मिळालंच, तर त्यावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का असतो. तो देवाच्या अंगाऱ्यासारखा कपाळी लावा. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. पण शिक्का निळ्या शाईचा असतो आणि कलम आपण पाहिलेलं नसतं.

फोनवर स्टार-हॅश-०६-हॅश दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो बिलावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहण्याचा मोह आवरा.

पायरी २ : फायनान्सवाल्या मुलापुढे मान डोलवा

दुकानाच्या कोपऱ्यात टॅब घेऊन बसलेला मुलगा हा या नाटकाचा सूत्रधार. तो आधार मागेल, पॅन मागेल, ‘जरा इकडे बघा’ म्हणून फोटो काढेल, आणि मग दर मिनिटाला ओटीपी विचारेल. ओटीपीच्या मेसेजमध्ये तो कशासाठी आहे हेही लिहिलेलं असतं. आपण फक्त आकडे वाचायचे. शेवटचा ओटीपी बहुधा बँकेतून हप्ता परस्पर कापून घेण्याच्या परवानगीचा असतो, त्यामुळे तो विशेष खणखणीत आवाजात सांगा.

‘झिरो टक्के’ हा शब्द ऐकला की पुढचं ऐकू नका. व्याजाचा दर शून्य असं काही नसतंच, ते प्रोसेसिंग फीसारख्या दुसऱ्या नावाखाली लपवलेलं असतं, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर किरकोळ कर्ज देताना वर्षाचा खरा दर, सगळे आकार आणि हप्त्यांचं वेळापत्रक एका सोप्या पत्रकात ग्राहकाला देणं बंधनकारक आहे. हे पत्रक पीडीएफ होऊन येतं. ते उघडायचं नाही, कारण त्यात सगळं लिहिलेलं असतं.

स्क्रीनचा विमा, वाढीव वॉरंटी, कसलंसं क्लब सदस्यत्व, हे सगळं ‘सिस्टीममध्येच येतं, काढता येत नाही’ असं तो सांगेल. एक वस्तू हवी तर दुसरी घ्यावीच लागेल, अशी सक्ती करणं कायद्याला मान्य नाही. पण मागे रांग लागलेली असते आणि आपल्याला पाळीवर जायचं असतं.

कराराचं ओझं पुढे ढकलून फोन हातात ठेवण्याची ही कला जुनी आहे. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ काढला, तेव्हा ५०१ रुपये भरून हँडसेट मिळायचा आणि बाकीचं कराराने मागाहून. ते ५०१ आजही लोकांच्या तोंडी आहेत. मागाहून काय काय भरलं, ते कोणी काढत नाही.

पायरी ३ : बिघाड होताच फोन उघडा

समजा महिनाभरात फोन तापू लागला, किंवा चार्जिंग धरेना. वॉरंटी चालू आहे, म्हणजे हक्क अजून जिवंत आहेत. त्यांचा बंदोबस्त कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला करतो. तो गरम हवेच्या यंत्राने मागचं झाकण सोडवेल, चार्जिंगच्या भोकातून टाचणीने तंतूंचा बोळा काढून दाखवेल, आणि म्हणेल, ‘हे बघा, कारखान्यात वापरता ना?’ काम चांगलं होईलही. पण झाकणाखालचं सील तुटलं की कंपनीच्या हाती आयतं कोलीत मिळतं: फोन बाहेर उघडला, वॉरंटी संपली.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल सुरू केलं आहे आणि मोबाइल हे त्यातलं एक मुख्य क्षेत्र आहे. दुरुस्ती कुठे होते, वॉरंटीच्या अटी काय, याची माहिती कंपन्यांनी एका जागी द्यावी हा त्याचा हेतू. फोन उघडण्याआधी ते पाहिलं, तर ही पायरी वाया जाईल.

पायरी ४ : जॉबशीटवर न वाचता सही ठोका

अधिकृत सर्व्हिस सेंटरला पोचलात, तर टोकन घेऊन बसा. काउंटरवरची मुलगी तुमचं म्हणणं ऐकेल. तुम्ही म्हणाल, ‘‘तिसऱ्यांदा आलोय, बोलता बोलता बंद पडतो, मागून हात भाजतो इतका तापतो.’’ ती टाइप करेल : ‘हँग होतो.’ त्याच्या खाली फोनच्या अवस्थेचा रकाना असतो. तिथे ‘ओरखडे, कडेला चेपलेला, ओल तपासणे बाकी’ असं आधीपासूनच उमटलेलं असू शकतं. त्यानंतर बारीक अक्षरांतल्या अटी, आणि अगदी तळाशी सहीची रेघ. नजर थेट रेघेवर न्या.

फोनच्या आत एक पांढरा ठिपका असतो. पाणी लागलं की तो लाल होतो. सुरतेचा पावसाळा, खिशातला घाम, खाडीला पूर आला की गल्लीत शिरणारं पाणी, यांमुळे इकडच्या ठिपक्यांना लाजायला फार वेळ लागत नाही. ‘लिक्विड डॅमेज’ असं म्हटलं की ‘ठिपका माझ्यासमोर उघडून दाखवा, फोटो काढू द्या आणि नकाराचं कारण लेखी द्या’ असं चुकूनही म्हणू नका. आणि जुनी जॉबशीट सांभाळू नका. एकच दोष घेऊन फोन पुन्हा पुन्हा आला, हे तारीखवार दाखवणाऱ्या चार जॉबशीट एकत्र लागल्या, तर दोष वापरातला नसून मुळातलाच आहे हे सांगायला त्यांच्याइतकी चांगली साक्ष नाही. म्हणून फोन परत मिळताच जॉबशीटचा बोळा करून तिथल्याच टोपलीत टाका.

पायरी ५ : प्रदक्षिणा घाला

दुकानदार म्हणेल, ‘‘मी विकला, बनवला कंपनीने.’’ सर्व्हिस सेंटर म्हणेल, ‘‘आम्ही फक्त दुरुस्त करतो, बदलून देणं कंपनीच्या हातात.’’ कंपनीचा फोन म्हणेल, ‘‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’’ फायनान्सवाला म्हणेल, ‘‘फोनचं आम्हाला काही सांगू नका, हप्ता पाच तारखेला.’’ हे चौघं चार दिशांना बसलेले असतात आणि प्रत्येकाचं थोडं थोडं खरं असतं. त्यांच्यात फिरताना रोज बुडवा. डिंडोलीच्या पुलावरून जाता-येता दुपारचं ऊन घ्या. आठवडाभरात माणूस आपणहून म्हणतो, ‘जाऊ दे रे भो.’ हेच आपलं ध्येय.

तक्रारीत उत्पादक, विक्रेता आणि सर्व्हिस सेंटर, तिघांनाही एकत्र सामनेवाले करता येतं आणि मग कोणाचा दोष किती हे ग्राहक आयोगासमोर त्यांनीच आपापसांत निस्तरायचं असतं. हे कळलं की प्रदक्षिणेतली सगळी मजा जाते.

पायरी ६ : राग हप्त्यावर काढा

‘फोन चालत नाही तर हप्ता कशाला?’ हा विचार मनाला फार पटतो. म्हणूनच तो इथे घेतला आहे. फोनची खरेदी हा एक करार, कर्ज हा दुसरा. खात्यात पैसे न ठेवता हप्ता परत घालवला की बँकेचा दंड वेगळा, फायनान्स कंपनीचा वेगळा, आणि सिबिलवर डाग. तो डागही मेहुण्याच्या नावावर, म्हणजे घरात महाभारत. काही कर्जांत फोनमध्ये असं अ‍ॅप घालून दिलेलं असतं की हप्ता चुकला की फोनच कुलूपबंद. मग बिघडलेला फोन बंद आहे की बंद केलेला फोन बिघडलेला आहे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

हप्ता चालू ठेवून तक्रार करणं, त्यात भरलेली किंमत व्याजासह परत मागणं, आणि गरज असेल तर अंतरिम आदेशाचा अर्ज करणं, हा कंटाळवाणा मार्ग कायद्याने ठेवलेला आहे. वसुलीवाल्याचा त्रास किंवा न सांगता लावलेले आकार याबद्दल फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार केली आणि तीस दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. मोठ्या फायनान्स कंपन्याही त्यात येतात. आपण मात्र गल्लीच्या तोंडाशी उभं राहून शिव्या द्याव्यात. त्याची पोच कोणी देत नाही.

पायरी ७ : दोन वर्षं शांत बसा

वरच्या सहा पायऱ्या हुकल्या तरी ही एकटी पुरते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जावं लागतं. नंतर उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. लग्नसराई, गावचा भंडारा, दिवाळी, पोरांची शाळा, असं करत दोन वर्षं सहज जातात. तोवर हप्तेही संपलेले असतात, फोन टीव्हीच्या मागे पडलेला असतो आणि नव्या फोनसाठी ओळखीचं दुकान उघडंच असतं.

धोक्याच्या सूचना

पुढील गोष्टी हातून घडल्या, तर हक्क शाबूत राहण्याचा धोका संभवतो.

१. बिल, खोकं, कर्जाचं पत्रक आणि सगळ्या जॉबशीट यांचे फोटो काढून ते स्वतःलाच ईमेलने पाठवणं. बिघडलेल्या फोनमध्येच ठेवले तर मात्र काळजी नाही.

२. दोष दिसताना दुसऱ्याच्या फोनवर त्याचं चित्रण करणं.

३. कंपनीला ईमेल करून तक्रार क्रमांक घेणं. ऑनलाइन खरेदी असेल, तर ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण देणं अपेक्षित आहे.

४. १९१५ हा आकडा फिरवणं. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते आणि मराठीतही बोलता येतं, गुजरातीतही. ‘आपल्याला तिकडची भाषा लिहिता येत नाही’ ही आपली हुकमी सबब तिने घालवली. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीकडे नेऊन पोचवते आणि बरेचदा तेवढ्यानेच काम होतं, हे वाईट.

५. सुरत जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करणं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी शून्य. १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. दाखल करून घ्यायची की नाही हे एकवीस दिवसांत ठरलं नाही, तर ती दाखल झाली असं धरतात. सामनेवाल्याला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा. त्यापुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगून ठेवलं आहे. निकाल तीन महिन्यांत, वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, एवढाच काय तो आपल्याला दिलासा.

नेहमीचे प्रश्न

फोन सुट्टीत गावी गेलो तेव्हा नंदुरबारला घेतला. आता तक्रारीला तिकडेच जावं लागेल ना?
पूर्वीच्या कायद्यात ही सोय होती, म्हणजे गैरसोय होती. आता ग्राहक जिथे राहतो किंवा कामधंदा करतो, तिथल्या आयोगात तक्रार चालते. भुसावळ लाइनच्या गाडीत जागा धरायची गरज उरली नाही. नंदुरबारच्या दुकानदाराला सुरतेची नोटीस जाईल.

वकील परवडत नाही, म्हणजे सुटलो का?
नाही. वकील लागतच नाही. आपली तक्रार आपल्याला मांडता येते, आणि अर्ज केला तर दूरदृश्य पद्धतीने सुनावणीही मिळू शकते.

हँडसेट नाही, पोस्टपेड बिलाचा घोळ आहे. ते तर टेलिफोन खात्याच्या जुन्या कायद्यात जातं?
तसंच म्हणून कंपन्या बरीच वर्षं लढल्या. अहमदाबादच्या एका ग्राहकाचं महिन्याचं बिल सरासरी ५५५ रुपये यायचं, ते एकदम २४,६०९ रुपये ५१ पैसे आलं. तो जिल्हा मंचात गेला. व्होडाफोन आयडियाने ‘हा तुमचा विषयच नाही’ म्हणून प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ग्राहक आयोगाला हा विषय ऐकता येतो. २२ हजार रुपयांच्या भरपाईसाठी गुजरातेतला एक माणूस इतका अडून बसला आणि देशभरच्या पोस्टपेडवाल्यांची वाट मोकळी केली. असली माणसं नवशिक्यांनी डोळ्यांसमोर ठेवू नयेत.

निकाल आपल्या बाजूने लागला आणि कंपनीने पाळलाच नाही तर?
आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पंचवीस हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपील करायचं तर कंपनीला पंचेचाळीस दिवसांत, आणि आदेशातली निम्मी रक्कम आधी भरून. या टप्प्यावर पोचलात, म्हणजे ही मार्गदर्शिका तुम्ही नीट वाचली नाही.

स्वाध्याय

१. दुकानदार गावचा आहे, त्याची आत्या शेजारच्या गल्लीत राहते, आणि बिल दहा सेकंदांत छापून निघतं. तरी ते न मागण्याची तीन कारणं सांगा.

२. रिकाम्या जागा भरा : फोन तीन वेळा बिघडला, जॉबशीट ____ आहेत, त्यामुळे दोष ____ ठरला.

३. कर्ज मेहुण्याच्या नावावर, फोन पोराच्या हातात, हप्ता तुमच्या पगारातून. यांतला ग्राहक कोण? (‘सगळेच’ असं उत्तर दिल्यास गुण कापले जातील.)

४. आत्याला वाईट वाटणं आणि वर्षभराचे हप्ते पाण्यात जाणं, यांची रुपयांत तुलना करा.

सर्व उत्तरं तोंडी द्यायची आहेत. कागदावर तारीख घालून, खाली सही करून कोणी उत्तर दिलं, तर तो नापास.